चिंचेच्या पाण्यातला ड्रम

‘घासता घासता गं, तांब्या झाला आरसा;
लेकीच्या हाताला, आईचा गं वारसा.’

आई तुळसाबाईचा तो आवाज विझून बारा वर्षं झाली. पण चिंचेचा वास आला की साधनाच्या कानात तो अजून उठायचा. आता हातात तांब्या नव्हता, जीपचा ब्रेक ड्रम होता. वणीच्या भंगारातून आणलेला, गंजाने लालभडक. कापसाने मारलेली ती वर्षं. नव्या पार्टचं नाव कोणी काढत नव्हतं.

दोन दिवस चिंचेच्या पाण्यात बुडवला, तारेच्या ब्रशने खरवडला, सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवला.

जीपवाला खेमसिंग मुकुटबनहून आला तो आठ्या घेऊनच.

“बाईच्या हातचा ब्रेक? बारा जीव बसतेत माह्या गाडीत! उस्ताद, तुमी पाहा. नाहीतर मी चाललो पांढरकवड्याले.”

साधनाचा हात थांबला. हा गेला की बाकीचे जीपवालेही जाणार. मग गॅरेजात तिला पान्हे पुसण्यापलीकडे काम उरणार नव्हतं.

“कंबर धरली बाबू,” गॅरेजचे मालक भीमराज उस्ताद खाटेवरून म्हणाले. “बसून पाहतो. आण पोरी.”

ड्रम मांडीवर आला. गेली दोन वर्षं रोज चालायची, तीच परीक्षा सुरू झाली.

“सांग, गंज कुठं राह्यला?”

“बाहेरच्या कडेले, नखाएवढा. आत काई नाही.”

“तडा?”

“नाही.”

उस्तादांनी आतून बोट फिरवलं, पान्ह्याने ठोकलं. टण्ण!

“आत तेल लावलं?”

“मले येडी समजता का, उस्ताद? मंग ब्रेक लागन कसा?”

“लाव.”

साधनाने ड्रम चढवला. खेमसिंग जीप घेऊन सुसाट गेला, सुसाट आला आणि दारातच ब्रेक दाबला. जीप खुंट्याला बांधल्यासारखी उभी राहिली.

“मानलं उस्ताद!” तो उडी मारून उतरला. “घासलं हिनं असन, पण नजर तुमची! तुमच्यापासून काई सुटत नाही बा!”

साधनाने मान खाली घातली. जिंकूनही गुलाल दुसऱ्याच्याच कपाळी.

भीमराजांनी घसा खाकरला.

“खेमसिंग, दोन वर्षांपासून तुह्या गाडीचं सारं काम हिच्याच डोयांनी पास होते. माह्ये डोये तं तवाच गेले.”