कारणाचा रकाना

हॉस्पिटलच्या ड्युट्या सॉफ्टवेअरवर गेल्यापासून रजा मंजूर करायचा अधिकार एकट्या गांगुर्डे सिस्टरकडे होता. कारणाचा रकाना त्या डोळ्यांत तेल घालून वाचायच्या. आज सकाळीच घोटीहून येणाऱ्या प्रतिभा सिस्टरची रजा त्यांनी ‘कारण पटत नाही’ म्हणून फेटाळली होती. दुपारी गांगुर्डे सिस्टरना लेकीचा फोन आला, तिच्या घटस्फोटाची कोर्टातली तारीख उद्याच लागली म्हणून. पण सॉफ्टवेअर स्वतःची रजा स्वतःला मंजूर करू देईना. अधिकार आणखी कुणाला तरी देणं भाग होतं, आणि पाळीवर सीनियर तेवढी प्रतिभाच होती. रकान्यात खरं कारण चारदा लिहिलं, चारदा पुसलं. शेवटी नुसतं ‘घरगुती’ लिहून प्रतिभाला अधिकार दिला आणि त्या तिच्यामागे येरझाऱ्या घालू लागल्या. “झालं मॅडम,” प्रतिभा लगेच म्हणाली. “कारण वाचलंस का?” “नाही हो. तुम्ही रजा मागितलीत, म्हणजे असेलच की काहीतरी.”