राजाराम असहमत आहे

मालनच्या दहाव्याचा पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. मुलुंडच्या स्मशानभूमीमागच्या भिंतीवर सहा कावळे बसले होते आणि सहाच्या सहा दुसरीकडे बघत होते. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. साडेअकराला त्यांचं भांडुपला आणखी एक दहावं होतं. आणखी दहा मिनिटं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करू, असं ते म्हणाले.

"बायचो जीव खंयतरी अडकलो हा," मालनचा भाऊ धाकू म्हणाला. ज्याला जे वाटतं ते त्याने बोलून टाकावं, असं ठरलं.

सर्वेशने हात जोडून आईला सांगितलं की बाबांना एकटं पडू देणार नाही. कावळ्यांनी पंख साफ केले. गावच्या आंब्याच्या कलमांतला तुझा वाटा भाच्याच्या नावावर करतो, असं धाकूही म्हणाला. पण इतक्या हळू, की कावळ्यांना ऐकू गेलं नसावं.

मालनचे यजमान नंदकिशोर खिशातल्या मोबाइलवर हात ठेवून उभे होते. निवृत्तीपासून अकरा वर्षं ते रोज सकाळी फेसबुकवर मत देत. मालिका, नाटकं, चित्रांची प्रदर्शनं, अर्थसंकल्प, युद्धं. कशाला नाही म्हणत नसत. नातेवाईक न वाचता अंगठा देत. वाचून उलट बोलणारा एकच होता, चेंबूरचा राजाराम. फोटोच्या जागी सूर्यफूल. 'काका, नाटक तुम्ही मध्यंतरापर्यंतच पाहिलेलं दिसतं,' असं तो लिही. ते खरंही असे. मग नंदकिशोर चिडून तीन परिच्छेदांचं उत्तर देत आणि दुपारी एक पोळी जास्त खात. मालन इस्पितळात होती तो महिनाभर नेमका राजारामही गप्प होता. नंदकिशोरना दोघांचीही काळजी लागून राहिली होती.

सून गार्गी मागे उभी होती. मालनचा मोबाइल तिच्या पर्समध्ये होता. शेवटच्या आठवड्यात सासूबाईंनीच तो तिच्या हातात दिला होता आणि सूर्यफूल दाखवलं होतं.

"हा राजाराम म्हणजे मीच गं. उलट बोलणारं कोणी भेटलं नाही तर ह्यांना जेवण जात नाही. मी बोलले की म्हणतात, तुला काय कळतं. राजारामला मात्र तीन परिच्छेद लिहितात. माझ्यामागे तेवढं बघशील?"

गार्गी उत्तर देणार तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली होती. उत्तर राहूनच गेलं.

आता तिने डोळे मिटले. "राजाराम मी चालवीन, आई," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

त्याच वेळी नंदकिशोरनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मालन, मी फेसबुक सोडलं. तू समोर बसलेली असायचीस आणि मी त्यात तोंड खुपसून असायचो. आता नाही. शब्द आहे माझा."

एक कावळा भिंतीवरून उतरला, दोन उड्या मारून पिंडाशी आला आणि भाताची शितं उचलून गेला.

सगळ्यांनी श्वास सोडला. धाकूने डोळे पुसले. पिशवी आवरत गुरुजी म्हणाले, बघा, हेच होतं त्यांच्या मनात. नंदकिशोरनी सावकाश मान डोलावली. आपलं म्हणणं कोणाला इतक्या चटकन पटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी मोबाइल सर्वेशच्या हातात दिला. खातंच बंद करून टाक म्हणाले. घरी जाऊन करू, असं सर्वेशने सुचवून पाहिलं, पण ते ऐकेनात. सर्वेशने दोन-तीनदा अंगठा दाबला, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाबला.

"बाबा," गार्गी म्हणाली.

ते वळले. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा शांत दिसत होता.

"तुमच्या चपला इकडे आहेत," ती म्हणाली.

फाटकापाशी सर्वेशने रिक्षा थांबवली. नंदकिशोर आत बसले आणि सवयीने हात खिशाकडे गेला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"एकाला कळवायचं राहिलं," ते म्हणाले.

"कोणाला?" सर्वेशने विचारलं.

"चेंबूरचा एक आहे. तिरकस आहे, पण वाचून बोलायचा."

गार्गीने पर्स मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"उगाच वाट बघत बसेल बिचारा," नंदकिशोर म्हणाले.