शंख कोरडा आहे

झोयाच्या जिभेला लगाम नाही, हे हमिदा सकाळपासून सगळ्या घराला ऐकवत होती. बाप दर्यावर, वारा फिरलेला, आणि ही एवढी मोठी घोडी ओसरीवर बसून फोनमध्ये ‘बुडाला, बुडाला’ करते. बोट बाहेर असली की या घरात तो शब्द कोणी काढत नाही. संध्याकाळी इथे दिवससुद्धा बुडत नाही, दिवस घरी जातो. लग्न होऊन आली तेव्हा हमिदाकडून तो शब्द एकदाच निसटला होता. सासूने पळी फेकून मारली होती.

“कोण बुडाला गो?” हमिदा कडाडली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. “बघ, माझ्याकडनं पण वदवलंस!”

“कोणी नाय, दादी. अर्णम बुडाला नाय, तेच तर सांगतेय ह्यांना.”

“नाय म्हण नायतर होय म्हण. तो शब्द कानावर पडला की दर्याला पुरे होतो. पुढचं ऐकायला थांबत नाय तो.”

झोयाने आवाज बारीक केला. फोन सोडला नाही.

क्षारद्वीप नावाची एक गोष्ट होती, फोनवर ऐकायची. कुणीतरी बसल्या बसल्या रचलेली. तिच्यातली बेटं खोटी, देव खोटे, दर्यासुद्धा खोटा. तिच्यातला अर्णम नावाचा नाखवा काळ्या भोवऱ्यात सापडला, त्याची डोलकाठी किनाऱ्याला लागली आणि गोष्ट तिथेच थांबली. पुढचा भाग अजून यायचा होता. तेवढ्यात पुण्या-नागपूरकडची पोरं फोनवरच एकत्र जमून तो मेला की जगला यावरून भांडायला लागली. खाऱ्या पाण्यात कधी पाय न घातलेली पोरं. सगळी म्हणत होती, मेला. झोया एकटी म्हणत होती, नाही. खोट्या माणसासाठी एवढा जीव काढते आणि सख्ख्या बापासाठी डोळ्यांत टिपूस नाही. हमिदाला खरं तर तेच खुपत होतं.

वारा सुटल्यावर पूर्णगडच्या बाकीच्या बोटी कुणी जयगडला, कुणी देवगडला खाडीत शिरल्या होत्या. झोयाच्या बापाच्या, मुसाच्या बोटीचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता, वायरलेस गप्प. मुसाची बायको आलिया आत एकच टोप घासत बसली होती. तो कधीचाच स्वच्छ झाला होता. शेजारच्या बाया येत, भिंतीला टेकून बसत आणि काही बोलत नसत. ते न बोलणं हमिदाला ओळखीचं होतं. तीही अशीच जाऊन बसली होती, दुसऱ्यांच्या घरात.

दारात मुसाच्या चपला होत्या. तो बोटीवर अनवाणी जायचा. चपला मागे राहायच्या, तोंड घराकडे करून, म्हणजे पावलांना वाट सापडते. तो परत येईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे.

दुपारी फुजैल आला, मुसाचा चुलतभाऊ. पावस गावाच्या बाजूला किनाऱ्यावर डिझेलचं एक निळं पिंप लागलं होतं. पिंपावर मुसाच्या बोटीचं नाव होतं, मुसाने स्वतः रंगवलेलं. फुजैलने ते अगदी हळू सांगितलं.

आतला टोप घासायचा आवाज थांबला.

“चाची, जमातीतली माणसं येतील आता,” फुजैल म्हणाला. “बसायला जागा करतो.” आणि त्याने वाकून त्या चपला उचलल्या. भिंतीच्या कडेला ठेवल्या, एकीवर एक.

हमिदाला ओरडायचं होतं. अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारी तिची जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांपुढे ते निळं पिंप गडगडत होतं. ज्या शब्दावरून सकाळपासून तिने पोरीला फाडून खाल्लं होतं, तो आता तिच्याच जिभेवर येऊन बसला होता.

झोया उठली. तिने चपला उचलल्या, ओढणीने पुसल्या आणि होत्या तिथे ठेवल्या. तोंड घराकडे. मग परत बसून फोनमध्ये बोलायला लागली.

“क्षारद्वीपात नाखवा निघताना दारात शंख ठेवतो. नाखवा मेला की शंखात आपोआप पाणी भरतं. पहिल्या भागापासून हाच नियम आहे. अर्णमची डोलकाठी किनाऱ्याला लागली, मान्य. पण शंखात पाणी आलं असं कुणी सांगितलं? शंख कोरडा आहे. लाकूड बघून तुम्ही माणूस मेला म्हणता?”

फोनमधला पोरगा हसला. “ताई, लिहिणारा शंखाचं विसरला असेल. सोड ना आता. बुडाला तो.”

भिंतीकडच्या बायांनी माना खाली घातल्या. झोयाचे डोळे भरून आले होते. वारा फिरला त्या दिवसापासून पोरगी नीट जेवली नव्हती, हे हमिदाला आत्ता आठवलं. आणि हे भांडणही तिने त्याच दिवशी काढलं होतं.

हमिदा गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसली.

“फुजैल, माणसं आली तर मागल्या दारानं घे. हे दार मुसाचं हाय.” मग तिने झोयाच्या हातातला फोन स्वतःच्या तोंडाजवळ ओढला, पण बोलली ती झोयाशीच, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी.

“रडू नको, झोया. सांग ह्याला, शंख कोरडा हाय. बुडाला नाय तो. आणि मोठ्यानं बोल गो, दर्याला ऐकू जाऊ दे.”