डोळे माझ्यावर गेलेत

कळव्याच्या आमच्या घरात दादाचा एकच फोटो होता, ब्लॅक अँड व्हाइट. माझ्या आधीचा तो, दोन दिवसांचा होऊन गेला, एवढंच मला माहीत. "डोळे माझ्यावर गेलेत," बाबा येईल त्याला फोटो दाखवायचे. यंदा भिंतीला ओल येऊन फोटो खराब झाला, तेव्हा आईने ट्रंकेतून त्याची निगेटिव्ह काढून दिली. मी ती स्कॅन केली.

स्क्रीनवर चेहरा मोठा केला तर डोळ्यांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा. त्यांच्याखाली पापण्या मिटलेल्या होत्या.

"आई, हे डोळे कोणीतरी काढलेत."

आईने आतल्या खोलीकडे पाहिलं. बाबा पेपर वाचत होते.

"हळू बोल. खडवलीला माझ्या माहेरी मेलेलाच जन्मला गं तो. तुझे बाबा भुसावळला ड्युटीवर. ते पोचेपर्यंत माती दिलेली. म्हटलं, त्यांना फोटोत तरी जिवंत दिसू दे."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"फोटोवाल्याने विचारलं, डोळे कसे काढू? मी आमचा लग्नातला फोटो त्याच्यापुढे धरला. म्हटलं, ह्यांच्यासारखे काढ."