बिघडलेला पंखा

सर्वेशच्या आईला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. गालाला नुसता वारा लागला तरी करंट बसल्यासारखी कळ डोळ्यापर्यंत जायची. म्हणून दोन वर्षं हॉलमधला पंखा बंद. दुखणं चारचौघांत चघळलेलं तिला खपत नसे, त्यामुळे आल्यागेल्याला सर्वेश सांगायचा, "पंखा बिघडलाय."

डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. तीन महिन्यांपासून मुलुंडच्या वैद्यबाई नाकात औषधी तेलाचे थेंबही सोडत होत्या.

मे महिन्यात एकदा सोसायटीचे सेक्रेटरी घामाघूम होऊन आले. "सॉरी काका, पंखा बिघडलाय," सर्वेश सवयीने म्हणाला.

"परवाच दुरुस्त झाला," आई आतून म्हणाली. "लाव."

त्याचा हात बटणावर थांबला. "नक्की ना गं?"

आई बाहेर येऊन बरोबर पंख्याखाली बसली.

"पाचवर कर."