पाखरांचे वाळे

पडद्यावर मोठ्ठं शून्य उमटलं आणि प्रणवनी त्यावर लाल ठिपका नाचवला. कोळगावच्या सभागृहात जनसुनावणी चालली होती. दातिवऱ्याची खाडी भराव टाकून बुजवायची, तिथं गोदामं बांधायची, आणि त्यावर दातिवरे गावाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा थाट. आता ऐकायचं म्हणजे काय, तर सकाळपासून कंपनीचे सल्लागार प्रणव एकटेच बोलत होते.

"देशभर पक्ष्यांच्या पायात नंबराच्या कड्या घालून सोडतात," ते म्हणाले. "कडीवाला पक्षी सापडला की लोक कळवतात. हे चाळीस वर्षांचे निकाल. किनाऱ्यावरचे पक्षी सगळीकडेच घटतायत, पण दातिवऱ्यातून तर एकाही कडीची नोंद नाही. म्हणजे इथं पक्षी उतरतच नाहीत. नुसता चिखल आहे. तो भरला तर कुणाचं काय जातंय?"

तिसऱ्या रांगेतल्या रंभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच चिखलात गुडघाभर रुतून तिनं चिंबोऱ्या धरल्या होत्या, तीन पोरं वाढवली होती. नवरा गेल्यावर त्याचं जाळंही तीच लावत होती. आणि पाखरं म्हणाल तर थंडी पडली की खाडीत पाय ठेवायला जागा नसते.

तिचा हात कमरेच्या दोरीकडे गेला. शेजारी तिची जाऊ जमना होती, तिनं तो हात घट्ट धरला. "बाय, गप बस. तुरुंगात जाशील."

जमना उगाच भीत नव्हती. भरतीच्या जाळ्यात अडकून कधीमधी एखादं पाखरू मरायचं. त्याच्या पायात वाळा, म्हणजे तीच नंबराची कडी, असला, तर तो काढून जाळ्याच्या दोरीत ओवायचा, ही दातिवऱ्याची रीत. लांबून आलेल्या पाहुण्याचं नशीब जाळ्याला लागतं, असं रंभाबाईची सासू म्हणायची. जाळं पाण्याबाहेर असलं की ती दोरी घरच्या बाईच्या कमरेला. आणि बाहेर कुणाजवळ ब्र काढायचा नाही, नाहीतर पाखरं मारता म्हणून वनखातं दारात. चाळीस वर्षं सगळं गाव तोंडाला कुलूप लावून बसलं होतं, आणि त्या कुलपाचंच पडद्यावर शून्य झालं होतं. हे ध्यानात आलं तसा रंभाबाईला प्रणवपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

तिनं जमनाचा हात सोडवला, पुढं गेली आणि कमरेची दोरी सोडून सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांपुढं टेबलावर टाकली. दोरीत एकवीस वाळे होते. काही अजून पांढरे, काही खाऱ्या पाण्यानं काळवंडलेले.

साहेबांनी चष्मा वर करून एक वाळा डोळ्यांजवळ नेला. "नंबर आहे. खाली लिहिलंय, मुंबईला कळवा. बाई, हे कुठून आणलंत?"

"माज्या जाळ्यातून. कळवा लिवलंय, पण आमी नाय कळवलं. भ्यालो. आता कळवते."

प्रणव गालात हसले. "मावशी, अहो ही तर पक्षी मारल्याची कबुली झाली. साहेब, आता गुन्हाच नोंदवायला लागेल."

साहेबांच्या शेजारच्या कारकुनानं पेन उचललं आणि तसंच हातात धरलं.

रंभाबाईनं एक खुर्ची ओढली आणि कारकुनासमोर ठाण मांडलं.

"लिवा ना. मी कुटं पळून चाललेय? नाव रंभाबाई, राहणार दातिवरे. एकवीस पाखरं माज्या जाळ्यात मेली. एकेकाचा नंबर घाला, घाई नाय." मग तिनं प्रणवकडे वळून पाहिलं. "आणि मेली कुटं, ते पण लिवा. गुन्ह्याला जागा लागते ना? दातिवऱ्याची खाडी. एकवीस वेळा लिवा."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, तसं त्यानं कागद पुढं ओढला.

तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली. जमना उठून उभी राहिली होती, आणि कमरेची गाठ सोडत होती.

"माजे पण लिवा," ती म्हणाली. "अकरा हायत."