नवी ओळ

सणाच्या सकाळी तात्यांनी शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि बाजाची पेटी पुढ्यात ओढली. दर सणाला ते स्वतः रचलेली प्रार्थना गाऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत. घरात माणूस वाढलं, की प्रार्थनेत त्याच्यासाठी एक ओळ वाढे.

"तात्या, इतक्यात कुणाला सांगू नका हं," असं लेकीने बजावलं होतं. पण आजोबा होण्याची बातमी त्यांच्या पोटात राहीना. "देवा, छोट्या पाहुण्याला सुखरूप आण," ही नवी ओळ त्यांनी दोनदा आळवली आणि गाणं पाठवून दिलं.

तासाभराने दवाखान्यातून जावयाचा फोन आला. "तात्या, बाळ राहिलं नाही हो. ती आत्ताच शुद्धीवर आलीय, मोबाइल मागतेय. तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना?"

तात्यांनी घाईघाईने ग्रुप उघडला. गाणं पुसायला बोट लावावं, तर ते वाजायलाच लागे. खाली मामा, मावश्या, व्याही, सगळ्यांची अभिनंदनं येऊन पडत होती.



मोबाइलचं काही अडलं, की आजवर ते लेकीलाच विचारत आले होते.